रिकाम्या हाताने

सकाळी डोंगरावरून उतरून घरी आले की आय एकच विचारते, "काय आनलंस?"

मी काहीच आणलेलं नसतं. मोबाईलमध्ये चार फोटो असतात, बुटांना लाल माती असते, ओढणीला कुसळं चिकटलेली असतात. आय माझ्या हातांकडे बघते आणि म्हणते, "दोन तास डोंगरान व्हतीस, न हात हालवीत आलीस?" यात टोमणा नाही. तिला खरोखरच उलगडत नाही. ८३ वर्षांच्या आयुष्यात ती डोंगरावर गेली ती काहीतरी आणायला. फाटी म्हणजे सरपण, पाला, करवंदं, भाजी, शेणी, एकदा तर हरवलेलं वासरू. डोंगरावर जाऊन रिकामं यायचं म्हणजे बाजारात जाऊन पिशवीची घडी न मोडता परत यायचं. असं कोण करतं?

आमचं घर नवी मुंबईत, घणसोली गावठाणात. डोंगर म्हणजे गवळीदेवाचा. पारसिकच्या रांगेतला, सुलाईदेवीच्या डोंगराशेजारचा. रविवारी सकाळी खांद्याला बॅगा लावून जे लोक येतात ते त्याला 'जंगल' म्हणतात. आम्ही कधी तसं म्हटलं नाही. आमच्यासाठी तो डोंगर आणि त्याच्या अंगावरचं ते रान. फार मोठं नाहीच ते. पावसाळ्यात दाट दिसतं, चैत्रात आरपार दिसतं. एका बाजूने चढलं तर कारखान्यांच्या पत्र्यांचा समुद्र दिसतो, पलीकडे उतरलं तर शिळफाट्याकडची गावं. अडवली-भुतवली डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडे दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, वाकळण. ती चौदा गावं, जी महापालिकेत कधी आत असतात, कधी बाहेर. आजीचं माहेर त्यांतल्याच एका गावातलं. लग्नाचं वऱ्हाड या रानातून चालत आलं होतं, आणि नवऱ्या मुलीला मध्येच करवंदं खायची हुक्की आली म्हणून सगळं वऱ्हाड खोळंबलं होतं, हे आजी स्वतःच सांगायची आणि स्वतःच लाजायची. आज त्या दोन बाजूंना महापे-शिळ रस्ता जोडतो. त्यावर करवंदासाठी थांबायची सोय नाही.

नवी मुंबईत बाहेरून राहायला आलेल्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. आमच्या गावांना दोन तोंडं होती. पश्चिमेला खाडी, तिवरं, मग खार, म्हणजे खाडीकाठची खारी भातजमीन. पूर्वेला गोडी जमीन आणि तिच्यामागे डोंगर. खारीतला भात वेगळा, तांबडा, खाऱ्या पाण्याला न घाबरणारा. तिथे बांध राखायचा, उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार सांभाळायचं, बाकी जमिनीला फार काही द्यायचं नाही. गोड्या जमिनीचं मात्र तसं नव्हतं. तिला डोंगर लागायचा. राबासाठी.

राब म्हणजे काय, हे माझ्या मुलाला सांगताना मला अर्धा तास लागला आणि शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही शेत जाळायचात?" नाही रे बाबा. भाताची रोपं ज्या लहानशा तुकड्यात करायची ती दाढ. ती आधी भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर झाडांच्या डहाळ्या, त्यावर गवत नि पाचोळा, आणि सगळ्यांत वर मातीचा पातळ थर. मातीचा थर महत्त्वाचा. तो नसला तर भडका उडतो आणि सगळं वर जातं. तो असला की आग आत दबून धुमसत राहते. पेटवायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत हळूहळू पुढे सरकते. त्यात तणाचं बी मरतं, किडा मरतो, राख मातीत मिसळते. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या तुकड्यात रोपं अशी तरारून येतात की शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यातली रोपं सावत्र वाटावीत.

पण त्या डहाळ्या कुठून यायच्या? डोंगरावरून. माघ-फाल्गुनात बायका वर जायच्या, पुरुष झाडांवर चढून ऐनाच्या फांद्या छाटायचे, बायका भारे बांधायच्या. ऐन छाटला तरी पुन्हा फुटतो, म्हणून त्याचाच मान जास्त. एकेका भाऱ्याखाली माणूस दिसायचं नाही. फक्त खाली दोन पावलं आणि वर चालणारं झुडूप. अर्ध्या वाटेवर कमरेएवढा एक सपाट दगड होता. न वाकता त्यावर भारा टेकवता यायचा आणि मदतीशिवाय पुन्हा डोक्यावर घेता यायचा. आमच्या घरात त्याला 'उतारा' म्हणत. त्या दगडाशी सगळ्या बायका दम खात, आणि गावातल्या निम्म्या भानगडी तिथेच पहिल्यांदा सांगितल्या जात.

आमच्या घरचा शेवटचा राब मी सात-आठ वर्षांची असताना भाजला गेला. कंपनीच्या कुंपणाला लागून उरलेला एक चिंचोळा तुकडा होता, तिथे. धूर कुंपणापलीकडे गेला आणि वॉचमन धावत आला. आजोबा त्याला म्हणाले, "तुजा धूर आमी रोज खातो, आमचा एक दिस खा." हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. कुणीही कशाचीही तक्रार केली की कुणीतरी ते टाकतं.

राबावरून सरकारशी भांडण हे काही तेव्हाचं नवं नव्हतं. १८७८ च्या कायद्यानंतर इंग्रजांनी रानं राखीव केली तेव्हा सगळ्यांत आधी पोटात गोळा आला तो ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या भातवाल्यांच्या. डहाळ्या नाहीत तर राब नाही, राब नाही तर रोपं नाहीत. ओरड इतकी झाली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. एका शेताच्या कोपऱ्यातल्या राखेसाठी मुंबई सरकारने आयोग बसवावा, हे वाचलं तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला. पुढे १९३० साली उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर आजूबाजूच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढली, २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि आठ जण गेले. त्यांत नाग्या कातकरी होता. आमची एक आत्या उरणकडे दिलेली. तिच्याकडे गेले असताना एकदा स्मारकाशी जाऊन उभी राहिले. आत्याला मी विचारलं, एवढ्या लांबून माणसं का आली असतील गं? ती म्हणाली, "चुलीसाठी." मग म्हणाली, "न देशासाठी बी." हा क्रम तिचा.

यातून आम्ही रानाचे राखणदार होतो, असं कुणी लिहितं तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. हल्ली सगळेच तसं लिहितात. भूमिपुत्रांनी डोंगर जपला, निसर्गाशी नातं वगैरे. खोटं नाही ते, पण सगळं खरंही नाही. माझ्याकडे पुरावा आहे. चुलतकाकाच्या लग्नाचा १९७९ सालचा फोटो, कृष्णधवल. अंगणात मांडव, मांडवाबाहेर मुंडावळ्या बांधलेला काका, आणि त्याच्या मागे डोंगर. तो डोंगर बोडका आहे. वरच्या सोंडेवर मोजता येतील इतकी झाडं, तीही छाटून छाटून खांबासारखी झालेली. आज त्याच अंगणातून, म्हणजे अंगण उरलेलं नाही, गच्चीवरून बघितलं तर इमारतींच्या फटीतून डोंगराचा जो तुकडा दिसतो तो हिरवागार आहे.

झालं काय, तर १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापासून डोंगरापर्यंतची गोडी जमीन कारखान्यांकडे जात गेली. १९७० साली सिडको आली. ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली, त्यात आमची खारही गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच माणसं मेली, मग घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती कहाणी मोठी आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगणारे गावोगाव बसलेत. मला इथे एवढंच सांगायचंय की शेत गेलं तसा राब गेला. राब गेला तशी ऐनाच्या मानेवरची कुऱ्हाड गेली. मग गॅस आला आणि फाटीही थांबली. डोंगराला आमच्यापासून सुटका मिळाली आणि तो वाढला.

हे मी एकदा गावातल्या एका बैठकीत बोलून दाखवलं. शांतता पसरली. मग एक काका म्हणाले, "न तो खानीवाला?" त्यांचंही बरोबर. याच रांगेत दगडखाणींनी डोंगराचे जे लचके तोडले त्यापुढे आमच्या कोयत्याचं काय घेऊन बसलात? ऐन तोडला तर फुटतो. दगड फुटला तर फुटला.

मी चढते ती वाट आता वेगळी आहे. कंपन्यांच्या फाटकांवरून, टँकरच्या रांगेवरून जायचं, नाकात रसायनाचा गोडसर वास घेत. मग एकदम मातीची पायवाट. पहिल्या टप्प्यावर नंतर लावलेली झाडं, त्यांत उंदीरमारीची गर्दी. फेब्रुवारीत ती गुलाबी फुलते, फोटोत सुंदर येते, आणि लोक तिला चेरीची बहार समजून खाली उभे राहतात. मला तिचा राग नाही. कुणीतरी पाणी घालून, उन्हात खड्डे खणून ती लावली आहेत. पण तिच्याखाली दुसरं फारसं काही दिसत नाही. थोडं वर गेलं की ऐन लागतो, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. त्यांतल्या जुन्या झाडांना अजून छाटणीच्या गाठी आहेत. माणसाच्या उंचीच्या वर एक फुगवटा, आणि तिथून पाच-सहा फांद्या एकदम वर गेलेल्या. त्या गाठींवर हात ठेवला की कुणाच्या तरी हाताला हात लागल्यासारखं वाटतं. बहुधा आजोबांच्या. किंवा ज्याच्याशी आजोबांचं बांधावरून भांडण होतं त्याच्या.

पुढे कुडा, पळस, सावर, बहावा, करवंदीच्या जाळ्या. जून लागला की नवरंग येतो. दिसत नाही, दोन स्वरांची शीळ तेवढी ऐकू येते. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून पत्र्यांच्या छपरांकडे बघत ओरडत असतो. त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पावसाळ्यात धबधबा आणि धबधब्याखाली निम्मं शहर; त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. दुसऱ्या दिवशी तिथून कुरकुऱ्याची पाकिटं आणि एकेकट्या चपला वेचणारी काही तरुण मुलं आहेत, ती गुणी आहेत.

आयला हे सगळं मी येऊन सांगते. ती ऐकते, मान चोळते. डोंगराचं नाव निघालं की तिचा हात आपोआप मानेमागे जातो. आधी मला वाटायचं, सवय असेल. मग एकदा हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, यांनी डोक्यावर ओझी वाहिली आहेत का? आय म्हणाली, "नाय, फाटी." ओझं म्हणजे दुसऱ्याचं असतं तिच्या लेखी. घरी गॅस आला त्या दिवशी तिने चुलीला हळद-कुंकू वाहिलं, पाया पडली, आणि संध्याकाळी ती फोडून माती परसात टाकून दिली. त्यानंतर ती एकदाही डोंगरावर गेली नाही. मी विचारलं, आठवण येत नाही? "मान मोरली माजी तिकरं," ती म्हणाली. "कसली आठवन करू?" आमच्याकडे 'ड'चा 'र' होतो, मान मोडली नाही, मोरली. ऐकायला बरं वाटतं एवढंच.

तरी दर वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिला डोंगर लागतोच. शेवळांसाठी. तिच्या बोलीत 'शेवला'. पहिला पाऊस पडला की जमिनीतून पानांच्या आधी वर येणारा तो जांभळट-तपकिरी कोंब ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या घरांत काय उलथापालथ करतो, हे इथल्याच माणसाला कळेल. ठाणे स्टेशनाबाहेर, आमच्या नाक्यावर, आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. वरचं आवरण काढायचं, आतला दांडा बघायचा, पिवळा भाग काढून टाकायचा, तो राहिला तर घसा धरतो. आणि काकड हवीतच. आवळ्यासारखी दिसणारी हिरवी आंबट फळं, त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही. शेवळं विकणारी बाई त्यासोबत मूठभर काकडं देतेच, तो रिवाजच आहे. मग वरून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. डोंगरावरचं आणि खाडीतलं एका टोपात शिजतं असं हे वर्षातून एकदाच होतं.

मागच्या वर्षी नाक्यावरच्या मावशीकडे शेवळं होती, काकडं नव्हती. "औंदा नाय गावली, ताई. चिंच घाला," ती म्हणाली. घरी आणल्यावर आयने जुडी उलटीपालटी केली. "काकरं?"

"नाहीत. चिंच घालू."

"चिंच आमटीला घाल," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. थोड्या वेळाने, भिंतीकडे बघतच, तिने मला वाट सांगितली. ती मी जशीच्या तशी लिहून घेतली होती, कारण मला माहीत होतं की ही वाट इतर कुठेही लिहिलेली सापडणार नाही. उताऱ्याच्या दगडापासून वर न जाता उजवीकडे वळ. चोंडा लागेल, पावसात पाणी साचतं तो. चोंड्याच्या वरच्या अंगाला दोन ऐन जोडीने. त्यांच्यामधून बघितलं की सुलाईदेवीचा डोंगर दिसतो. तिकडे तोंड करून साठ-सत्तर पावलं. तिथे तीन काकडं होती. "दोन मोठी, एक पोर."

चाळीसेक वर्षं ती तिथे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. उताऱ्याचा दगड सापडला. त्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने बाण काढलाय, ट्रेकवाल्यांसाठी, आणि बाण आहे डावीकडे. मी उजवीकडे वळले. वाट नव्हतीच, करवंदीने सगळं गिळलं होतं. चोंडा पायाला कळला, डोळ्यांना नाही. एकदम बूट बुडाला. दोन ऐन होते. पण त्यांच्यामधून सुलाईदेवी दिसेना. मध्ये रान वाढलेलं. आयने सांगितलेली खूण बोडक्या डोंगराची होती. मी उगाचच त्या दोन झाडांच्या मधे उभी राहिले, नको इतकी झाडं झाली म्हणून वाट चुकलेली. मग अंदाजाने निघाले. साठ पावलांचे दोनशे केले. काकड ओळखायला मला सोपं गेलं ते पानांवरच्या गाठींमुळे, फोड आल्यासारख्या असतात. एकच झाड मिळालं. मोठ्यांतलं की ते पोर, कोण सांगणार? खालच्या फांदीला हात पुरला. आठ फळं निघाली.

उतरताना पायथ्याशी एक पोरगा भेटला, गळ्यात दुर्बीण, टोपी, अगदी विशी-बाविशीचा. माझ्या ओढणीच्या गाठीकडे बघून नम्रपणे म्हणाला, "काकू, इथून काही तोडून न्यायचं नसतं. पाटी आहे बघा." पाटी होती. मी मान डोलावली. त्याला आयोगाचं सांगावं, चिरनेरचं सांगावं, आजोबांचं धुराचं वाक्य टाकावं, असं सगळं क्षणभर जिभेवर आलं. पण तो जे बोलला ते चूक नव्हतं, आणि दर रविवारी येणाऱ्या हजारभर माणसांनी आठ-आठ फळं नेली तर झाडाचं काय होईल ते मलाही कळतं. मी विचारलं, "हे काय आहे ओळखतोस?" त्याने एक फळ हातात घेऊन फिरवून बघितलं, इंग्रजीत एक नाव सांगितलं, मग लॅटिनमध्ये. बरोबर असावं. "भाजीत घालतात हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. कसली भाजी, कशी करतात, विचारू लागला. आम्ही दहा मिनिटं बोललो. फळ त्याने परत दिलं, आणि जाताना विचारलं, झाड नेमकं कुठे आहे. मी डावीकडचा बाण दाखवला. का, ते मला अजून सांगता येत नाही.

घरी आय वाटच बघत होती. गाठ सोडून तिने फळं ताटात ओतली, बोटाने मोजली.

"आठ?"

"एकच झाड मिळालं."

"दोन मोठी व्हती." ती थोडा वेळ गप्प राहिली. एक काकड घेऊन तिने नखाने साल खरवडली, वास घेतला. मग पाटा पुढे ओढला आणि म्हणाली, "एका जुरीला दहा लागतात. आता अर्धी शेवला ठेव बाजूला, उद्या परत जा."

"उद्या ऑफिस आहे गं."

"मंग करंदी धू," ती म्हणाली.

भाजी घशाला जरा खवखवली. आयने दोनदा घेतली.